हत्यारांची सुट्टी

हिंसा ही दुबळ्या माणसाची मातृभाषा आहे. बलवान माणूस मौनात बोलतो. हे वाक्य रामकिसन सरांचं. ते सुचलं तेव्हा सरांच्या उजव्या हातात वरवंटा होता, आणि तो लॅपटॉपला नेमका कुठे घातला म्हणजे जास्त लागेल याचा ते अंदाज घेत होते. बैलाचं कळतं, माणसाचं कळतं. लॅपटॉपचं कानशील कुठे असतं हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. वाक्य गांधी जयंतीच्या भाषणातलं होतं. भोकरदनला, सासुरवाडीच्या गावात, शाळेच्या पटांगणावर सरांना अहिंसेवर बोलायचं होतं, आणि ते भाषण ज्याच्यावर टाइप करायचं ते वहीएवढं नवं यंत्र दुपारपासून त्यांच्यापुढे काळं तोंड करून बसलं होतं.

काळं म्हणजे बंद नव्हे. बंद असतं तर सरांनी समजून घेतलं असतं. मेलेल्यावर राग धरू नये एवढा सुसंस्कृतपणा त्यांच्यात होता. जुनी सिस्टिम व्हायरसनं गेली, म्हणून खाली कापडाचं दुकान असलेल्या बालकिशननं आपल्या पेनड्राइव्हवर नवी, फुकटची सिस्टिम भरून दिली होती. या यंत्राला सीडीचं तोंडच नव्हतं, जे काय गिळायचं ते बाजूच्या छिद्रातून. बटन दाबलं की कंपनीचं नाव यायचं, मग पांढऱ्या अक्षरांच्या मुंग्या भराभर वर पळायच्या, आणि एकाएकी, मागून येऊन कुणी डोळ्यांवर हात ठेवावा तसा, पडदा काळा. पण आत पंखा घुमत राहायचा. पेनड्राइव्हचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत राहायचा. यंत्र जागं होतं आणि अंधारात पडून ऐकत होतं. हा काळोख सरांच्या ओळखीचा होता. दादा, म्हणजे सरांचा बाप, असाच पडायचा. बाजेवर, तोंडावर पटका ओढून, श्वास बराबर चालू. आणि घरात कुणालाच कळायचं नाही की तो झोपलाय का काही ठरवतोय.

“सर, आला का?” जिन्याखालून बालकिशन ओरडला.

“न्हाई आला.”

“बिलकुल काळा?”

“तुझ्या छत्रीच्या कापडासारखा.”

“मंग पेनड्राइव्ह दुसऱ्या छिद्रात घाला ना. कधी कधी एका छिद्राला ठसका लागतो.”

दुसऱ्या छिद्रात घातला. काळा. बॅटरी काढून परत बसवली. काळा. मग बालकिशननं सांगितलं, की सुरुवातीला जी यादी येते तिच्यात शेवटी ‘नोमोडसेट’ असं टाका. त्यानं त्याला समजतं, की पडद्याच्या बाबतीत जास्ती दिमाग लावायचा नाही. सरांनी एकेक अक्षर शोधून तो शब्द टाकला. टाकताना त्यांना वाटलं, ही शिवी असावी आणि आपल्याला तिचा अर्थ माहीत नाही एवढंच. काळा.

“मंग घबराओ मत,” बालकिशन म्हणाला. “माझा पण गेल्ता असाच. मी एंटर मारत राह्यलो, मारत राह्यलो, आला. मारत राहा सर.”

बालकिशनला आज वेळच वेळ होता. खंडेनवमी. त्याचा कापड मोजायचा लोखंडी गज आणि मोठी कात्री गादीवर झेंडू पांघरून निजली होती, आणि ज्या व्यापाऱ्याला कापता येत नाही, मोजता येत नाही, तो सल्ला देण्याशिवाय काय करणार?

सर एंटर मारू लागले. आधी बोटानं, शाळेच्या शिपायाला हाक मारावी तितक्या सभ्यपणे. मग दोन बोटांनी. मग मुठीच्या कडेनं. दर ठोशागणिक मनगटापासून कोपरापर्यंत काहीतरी गरम सरकत होतं, आणि लाज अशी की ते बरं वाटत होतं. दातांवर दात बसले. काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, कपाळ आणि नाकाचा शेंडा, बाकी अंधार. त्यांनी त्या चेहऱ्यासकट यंत्र गॅलरीतून खाली भिरकावलं; भाजीच्या हातगाडीवर आपटून त्याचे दात, म्हणजे त्या सगळ्या कळा, गल्लीभर उडाले. ते पुन्हा टेबलावर होतं. मग त्यांनी ते मोंढ्याकडे जाणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली धरलं, पुढच्या नव्हे, मागच्या, कारण तिथे वजन जास्त. कडकडीत आवाज झाला, फार गोड. ते पुन्हा टेबलावर होतं, पंखा घुमवत. मग त्यांनी ते रसवंतीच्या चरकात घातलं, दुमडून परत घातलं, आणि खालून जो रस आला तो काळा होता. अहिंसेवर बोलणाऱ्या माणसाला एवढं सगळं इतकं बारकाईनं सुचावं, याचं त्यांना आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुणीतरी हे त्यांच्यात आधीच टाइप करून ठेवलं होतं.

दादाचा, म्हणजे कडूबाचा, हात राजूरच्या चहूकडे प्रसिद्ध होता. रेडिओ खरखरला की थाप. इंजिन अडलं की वीट. बैल अडला की शेपटीला दात. माणूस अडला की आसूड. आणि सगळं चालायचं, हीच पंचाईत होती. न चालतं तर कडूबानं दुसरं काही शिकून घेतलं असतं. रेडिओ तर इतका घाबरला होता की दादाचं पाऊल ओट्यावर वाजलं की आपोआप स्वच्छ बोलायला लागायचा. एका संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात ‘कपाशीवरील बोंड—’ एवढं बोलून तो गेला, आणि दादानं त्याला तरीही आणखी चार थापा दिल्या, शिस्त म्हणून. काळ्या बैलाचा डावा डोळा जुवाच्या शिवळेनं, त्या लाकडी खुंटीनं, गेला. शिवळ उपसून मारली तेव्हा ती डोळ्यासाठी नव्हती, मानेसाठी होती. बैलानं मान वळवली, म्हणजे चूक बैलाची. पुढे कित्येक महिने त्या खोबणीतून पाणी गळायचं, त्याला माशा बसायच्या, आणि तो बैल बाकी कुणाकडे नाही, पण दादाकडे ती रिकामी बाजू करून उभा राहायचा. घरातल्या पोरांना, त्यात छोटा राम्या, हे सगळं बघून एकच नियम कळला होता. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक जागा असते, तिथे मारलं की ती ऐकते.

फक्त खंडेनवमीला हा नियम बंद असायचा. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. कुऱ्हाड, विळे, खुरपी, वखराची पास, सगळं धुऊन भिंतीशी मांडायचं, आणि त्यांच्याबरोबर आसूडही, कारण कडूबाच्या लेखी तो अवजारातच मोडायचा. राजूरच्या गणपतीहून आणलेला शेंदूर तेलात कालवायचा आणि प्रत्येकाला टिळा. पण कडूबा टिळा लावायचा नाही, ठोकायचा. अंगठा शेंदरात बुडवून पात्यावर असा दाबायचा की त्याच्या रेघा उमटायच्या, आणि वर्षभर कामानंही त्या पुसल्या जायच्या नाहीत. एकदा टिळा लागला की दसऱ्यापर्यंत हत्यार उचलायचं नाही. हे त्याला कुणी समजावलं नव्हतं; तो फौजदाराला भीत नव्हता, पण शेंदराला भ्यायचा.

म्हणून त्या दिवशी माय बोलायची. साळूबाई वर्षभर साठवून ठेवायची आणि खंडेनवमीला सगळं बाहेर काढायची. भाकरी थापता थापता, एकेक थापेला एकेक वाक्य. माझी शेळी इकली. भरल्या दिवसांची मला पायी चालवली. तुझी माय मेली तेव्हा तिनं पाणी माझ्या हातचं मागितलं, तुझ्या न्हाई. आणि भजनात तू सगळ्यांच्या मागं राहतो, टाळकरी हसून राह्यलेत तुला. दादा बाजेवर पटक्याखाली पडून ऐकायचा. पोरांना तो सण दिवाळीपेक्षा आवडायचा. एका वर्षी मात्र माय म्हणाली, “बैलाचा डोळा तू फोडला. पण बघून राह्यला तो तुलाच.” पटका हलला. दादा उठला, घाई न करता. मायनं भिंतीकडे हात केला. “आसूड पूजेत हाय,” ती म्हणाली, हसत. दादा म्हणाला, “हात ठेवलाय का पूजेत?” आणि ओल्या फळीवर फळी आपटावी तसा आवाज झाला. तो आवाज कानशिलाचा होता, डाव्या. कानातून एक बारीक धार आली, मानेवरून उतरून गळ्यातल्या पोतीत गेली, आणि तिन्हीसांजेला ती आणि पात्यांवरचा शेंदूर एकाच रंगाचे दिसत होते. त्या कानानं मायला पुन्हा ऐकू आलं नाही. राम्यानं त्याच रात्री ठरवलं, की आपला हात कधीच कुणावर उठणार नाही. त्यासाठी तो शिकला, जालन्याला आला, मास्तर झाला, इतिहास शिकवू लागला, जिथे मारामारी सगळी आधीच होऊन गेलेली असते.

“अहो, तो वरवंटा पूजेतला हाय,” नंदाबाई दारातून म्हणाली.

सरांनी बघितलं. वरवंट्याला खरंच एक झेंडू चिकटलेला होता.

“ठिवा तो. आणि ते मशीनबी पूजेत ठेवलं होतं ना तुम्हीच? मी म्हणले, विळीजवळ कशाला, तर तुम्ही म्हणले हे मास्तराचं हत्यार हाय. उघडून, टिळा लावून. मंग आज कशाला चालवायलात? आज त्याला सुट्टी.”

सरांनी वरवंटा ठेवला. नंदाबाईचं ऐकायची त्यांना सवय होती. ते त्याला समंजसपणा म्हणत. खरं कारण दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेलं होतं. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात नंदाबाईनं सांगितलं होतं, “तुमच्या वडलांचं ऐकून हाय मी. हात उठला, लागला न्हाई तरी, मी भोकरदनच्या गाडीत बसले म्हणून समजा.” आणि एक खाकी पिशवी, दोन लुगड्यांसकट, खुंटीला अडकवली होती. पुढे लुगड्यांच्या साड्या झाल्या, पोरींची लग्नं झाली, पिशवी तिथेच. दर दिवाळीला ती झटकून, ऊन दाखवून, पुन्हा भरली जायची. दुसऱ्यांच्या घरात भिंतीवर घड्याळ असतं, सरांच्या घरात ही पिशवी होती. ती खुंटीवर आहे म्हणजे आपण कडूबा नाही, एवढा साधा पुरावा. सगळं भाषण खरं तर त्या पिशवीवर उभं होतं.

“सर, आला का?” खालून.

सरांनी एंटरवर मूठ आदळली. टेबल उडालं. कपातला चहा सांडला आणि आटलेल्या रक्तासारखा कडेनं ओघळला. पुन्हा मूठ. पुन्हा. करंगळीचं कातडं सोललं, तिथे जळजळ झाली, आणि त्या जळजळीनं डोकं एकदम लख्ख झालं. आता कुठलाही विचार नव्हता. फक्त जागा शोधायची होती.

“मामंजी दिसून राह्यले तुम्ही,” नंदाबाई हळूच म्हणाली.

हात वर गेला. सरांनी नेला नाही, गेला. वरवंटा ठेवून दिलेला, रिकामा, पाच बोटं फाकलेला. बल्बच्या उजेडात त्याची सावली समोरच्या भिंतीवर पडली, आणि सरांनी ती ओळखली. ती त्यांनी आधी पाहिलेली होती, याच उंचीवरून नाही, खालून, पोराच्या उंचीवरून. नंदाबाई वाकली नाही. तिनं डोळेही मिटले नाहीत. गाडीची पाटी वाचावी तशी तिनं त्या हाताकडे पाहिलं. हात खाली आला नाही, हे पुढे सरांच्या बाजूनं सांगता आलं असतं. पण करार खाली येण्याबद्दलचा नव्हता.

तिनं खुंटीवरून पिशवी काढली. खुंटीच्या मागची भिंत तेवढ्याच आकारात पांढरी होती.

“भोकरदनची गाडी हाय अजून,” ती म्हणाली. तिचा आवाज थोडा फाटला आणि तिला ते आवडलं नाही. “वाटलं नव्हतं बघा. इतक्या वरसांनी. मशीनसाठी.”

कोपऱ्यातल्या बाजेवर साळूबाई होती. तिचा डावा कान खोलीकडे होता, म्हणून तिला काही ऐकू आलं नव्हतं, पण भिंत दिसत होती. ती उठली, देवापुढची शेंदराची वाटी उचलली आणि सरांपर्यंत आली. म्हातारीनं वर गेलेला हात मनगटाला धरून खाली ओढला. एवढीशी बाई, पण पकड विहिरीच्या दोरासारखी. “बस,” ती म्हणाली. सर खुर्चीत बसले. तिनं त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि दोन्ही तळव्यांना शेंदूर फासला, टिळा नव्हे, सगळा तळवा, बोटांच्या पेरांपर्यंत. मग प्रत्येकावर एक झेंडू ठेवला.

“हे बी हत्यारच हाय, राम्या. तुझ्या बापाला दाखवलं, आता तुला. आज याला बी सुट्टी.”

आणि मग सरांना त्या कान गेलेल्या सणाच्या पुढच्या वर्षीची खंडेनवमी आठवली, जी ते कधी कुणाला सांगत नसत, कारण तिच्यात सांगण्यासारखा बोध नव्हता. मायनं दादा उठायच्या आधीच त्याच्या तळव्यांना शेंदूर फासला होता. मग ज्याच्या नावानं गाव वाट सोडायचं तो कडूबा दिवसभर बाजेवर हात उताणे ठेवून बसून होता, दोन कमळं घेतल्यासारखा. मायनं त्याला घास भरवला. पाणी पाजलं. आणि वर्षाचं सगळं ऐकवलं, उजवा कान त्याच्याकडे करून, तो काही बोलतो का ते ऐकायला. तो एकच गोष्ट बोलला. तोंडावर माशी बसली होती. तो म्हणाला, “साळू, माशी हाण.” मायनं हाणली. दसऱ्यानंतर त्याचा हात पुन्हा उठला, का नाही? उठला. ते सरांना स्पष्ट आठवत होतं, आणि तेच भाषणात बसत नव्हतं.

लाइट गेली. जालन्यात ती वेळापत्रकानं जायची, त्यात कुणाच्या भांडणाचा विचार नसे. गल्लीतली खोली, खिडकीला समोरची भिंत, एकदम अंधार. बॅटरीवर यंत्राचा पंखा घुमत राहिला, हिरवा दिवा लुकलुकत राहिला. नंदाबाईनं फळीवरची टॉर्च चाचपून घेतली. चपला कुठे आहेत ते बघायला तिनं ती लावली, आणि उजेड टेबलावरून तिरका गेला.

ती थांबली. टॉर्च परत मागे आणली.

“हे काय दिसून राह्यलंय?”

काळ्या पडद्याच्या आत, आडातल्या पाण्यात दिसावीत तशी, अक्षरं होती. चौकट होती. सगळं होतं. नुसता पडद्यामागचा दिवा विझलेला होता. नंदाबाई पिशवी खांद्यावर ठेवूनच वाकली, नाक पडद्याला लागेपर्यंत, आणि दहावीच्या इंग्रजीनं वाचू लागली.

“हू... आर... यू. कोण हाय तुम्ही, विचारायलंय. खाली लिहिलंय, नाव काय.”

सर खुर्चीतूनच पुढे झुकले. त्यांना समजत गेलं. दुपारपासून ते यंत्र अंधारात त्यांच्याशी बोलत होतं. मधूनमधून सरांनीच त्याचा गळा दाबून पहिल्यापासून सुरू केलं ते सोडून, दर ठोशाला ते एक पान पुढे गेलं होतं. भाषा कोणती? ठोसा. गाव कोणतं? ठोसा. जुनं सगळं पुसून टाकू? ठोसा. तेही पुसलं. आणि या पानावर येऊन अडलं होतं, कारण या प्रश्नाला मुठीनं देता येईल असं उत्तर नव्हतं.

“आणि हे बटन बघा,” नंदाबाई म्हणाली. टॉर्च आता कळांवर होती. वरच्या रांगेत, बारक्या सूर्याचं चित्र असलेली एक कळ खालीच रुतून बसली होती. तिच्यावर शेंदराचा गोल, आणि शेंदरात अंगठ्याच्या रेघा, स्वच्छ, शेतातल्या तासांसारख्या. “उजेड कमी करायचं दिसतंय. दिवसभर दाबून बसलंय ते. लावला का ठोकला टिळा?”

दुपारपासून सर त्या ठिपक्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, पूजा तरी नीट झाली.

नंदाबाईनं केसांतला आकडा काढला, कळेखाली घातला आणि उचकटली. वाळलेला शेंदूर फुटला. कळ टक्‌ करून वर आली. तिनं शेजारची, मोठ्या सूर्याची कळ दाबून धरली, आणि पडदा उजळत गेला, उजळत गेला, खोलीतली भांडी दिसू लागली, भिंतीवरची पिशवीएवढी पांढरी जागा दिसू लागली, सरांच्या मांडीवरचे दोन शेंदरी हात दिसू लागले.

“काय लिहू?” ती म्हणाली. बसली नव्हती. पिशवी खांद्यावरच होती.

सर नेहमी पूर्ण नाव लिहीत. शाळेच्या दाखल्यापासून पगारपत्रकापर्यंत: रामकिसन कडूबा, आणि पुढे आडनाव.

“रामकिसन.”

“पुढं?”

“पुढचं नको.”

तिनं एका बोटानं लिहिलं. वेळ लागला. प्रत्येक अक्षराला पिशवी खांद्यावरून जरा घसरायची आणि ती वर ओढायची. मग सरळ उभी राहिली आणि दाराकडे वळली. दारात मात्र थांबली, पाठमोरी. चप्पल एकाच पायात. साळूबाई बाजेवर परत जाऊन बसली होती, उजवा कान पुढे करून. काहीतरी बोललं जायला हवं होतं, हे बहिऱ्या बाजूलाही कळत होतं.

“सर, आला का?” खालून बालकिशन.

सरांच्या तोंडात शब्द जमू लागले. मोठे होते. क्षमा होती, बाप होता, माणसाच्या हातांविषयी एक वाक्य होतं, ते पहिल्यापेक्षा चांगलं होतं आणि खरंही असावं. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात एक माशी आली, यंत्राच्या उजेडात एक फेरी मारली आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. सरांनी मान हलवली. फुंकर मारली. माशी उडाली आणि त्याच जागी परत बसली. हात मांडीवर उताणे होते, झेंडूसकट, आणि सरांनी ते उचलले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं, ते माशीचं होतं असं म्हणता आलं असतं. मोठे शब्द एकेक करून परत खाली गेले.

“नंदा,” ते म्हणाले, “जाता जाता तेवढी माशी हाण.”